आक्कांचा शाळूचा डबा

आक्का कुठलीही वस्तू आधी हलवून बघायच्या. नारळ तर सगळेच हलवतात. आक्का काडेपेटी, औषधाची बाटली, साबुदाण्याची पुडी, कुणी भेट म्हणून आणलेलं बंद खोकं, सगळं कानाशी नेऊन दोनदा हलवायच्या आणि मगच त्यावर आपलं मत द्यायच्या. माझ्या मुलीच्या बारशाला मी हौसेनं आणलेला खुळखुळा त्यांनी पाळण्यातून उचलला, हलवला आणि जमलेल्या सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, "ह्यात प्लास्टिकचं मणी हायत. आवाज मेलेला हाय. पोरगी बेताल निपजंल." दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याची एक डबी घेऊन आल्या. आत शाळूचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे, झाकण कथलाचा डाक देऊन पक्कं केलेलं. "हे वाजीव तिच्यापुढं," म्हणाल्या. वाजवलं. मुलगी आता मोठी झाली, नोकरीला लागली आणि अजून आरतीत भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवते. पण तो दोष डबीचा नव्हे, माझ्या सासरचा आहे.

मी लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आले तेव्हा समोरच्या घरात कोण राहतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी मूळची साताऱ्याची. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला 'आम्ही भावंडं'च्या गाण्यांशिवाय एक नाच बसायचा नाही. गडहिंग्लजच्या गुळाच्या व्यापाऱ्याची चार मुलं, त्यांनी काढलेला वाद्यवृंद, आणि त्यांचे गावोगाव होणारे कार्यक्रम. त्यांची कॅसेट प्रत्येक एसटी स्टँडवर वाजत असायची. कव्हरवर चमकदार शर्टातले तीन भाऊ पुढं आणि मागं साडीतली एक बाई, हातात डबा धरलेली. आमच्या घरातल्या कॅसेटवर नेमकी त्या बाईच्या चेहऱ्यावर दुकानदारानं किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. त्यामुळे समोरच्या खिडकीतून "ए नव्या मास्तरणी, दूध उतू चाललंय तुझं!" असं ओरडणारी बाई तीच, हे कळायला मला काही दिवस लागले. शाळेत शिकवायला जायची म्हणून मी त्यांच्यासाठी कायमची मास्तरीण झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला अजून शंका आहे.

आता आक्का नाहीत. त्या गेल्या त्याला काही महिने झाले. त्या जुन्या कॅसेटवरचा, त्यांच्या गाजलेल्या दौऱ्यातला कोल्हापूरचा कार्यक्रम पुन्हा घासूनपुसून, नव्या तंत्रानं स्वच्छ करून बाहेर आला आहे आणि गल्लीतली पोरंसुद्धा कानात बोंडं घालून तो ऐकत असतात. ते पाहिलं की मला आक्कांबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटतं. मी सांगायला लागले की लोक आधी त्यांच्या धाकट्या भावाबद्दल, शंकररावांबद्दल विचारतात, कारण गाणारे ते. म्हणून लिहून काढते आहे. लिहिताना मधे कुणी बोलत नाही.

आई लवकर गेली आणि तिघा भावांना आक्कांनी वाढवलं. मल्लूअण्णा आणि बसूअण्णा पाठचे, आणि शंकर सगळ्यांत धाकटा. त्याला त्या नावानं कधी हाक मारायच्याच नाहीत. 'तम्मा' म्हणायच्या. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. त्यांच्या घरात बोलणं मराठीत चालायचं आणि राग आला की कानडीत जायचं, त्यामुळे भांडण किती पेटलं आहे ते मला माझ्या ओट्यावरून शब्द न कळता कळायचं.

मल्लूअण्णा अकॉर्डियन वाजवायचे, बसूअण्णा कोंगो आणि ड्रम. तम्मा दहा वर्षांचा असताना गायला लागला आणि लोक वेडे झाले. वाद्यवृंद निघाला तेव्हा त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, एकच अट घातली होती. ती आक्का मला त्यांच्याच आवाजात करून दाखवायच्या, "चौघं एका ताटात जेवतासा, चौघं एका स्टेजवर दिसला पायजेसा. एक जरी घरात ऱ्हायलं तर गाडी निघणार न्हाई." आता आली पंचाईत. आक्कांना गाता येत नव्हतं. "माझा सा कुटल्याच पट्टीत बसत न्हाई," असं त्या अगदी अभिमानानं सांगायच्या. स्वतःबद्दल बोलताना त्या 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणायच्या, इथल्या पुष्कळ बायका म्हणतात तसं. "मग मी चहापत्तीचा डबा घेतला. मूठभर शाळू टाकला. अप्पास्नी म्हटलं, मी ह्यो वाजीवतो. निघू द्या गाडी."

असा तो डबा वाद्यवृंदात आला. मल्लूअण्णांनी पुढं मुंबईहून आणलेला चांगला खुळखुळा त्यांनी एकदा हलवला आणि भाजीवाल्याच्या नातवाला देऊन टाकला. डब्यातला शाळू मात्र त्या दर हंगामाला बदलायच्या. जुना दाणा बोंगा होतो, पोकळ वाजतो, म्हणायच्या. बाजारात शाळू घेताना त्या ओंजळीत घेऊन पत्र्याच्या मापात टाकायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. दुकानदार विचारायचा, "आक्का, भाकरी करायच्या हायत का लगीन लावायचंय दाण्याचं?" आक्कांना अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला आवडायचं. ती इथं लिहिण्यासारखी नसायची.

ताल चुकलेला त्यांना खपायचा नाही, आणि हे फक्त गाण्यापुरतं नव्हतं. शेजारच्या तालमीतली पोरं जोर काढताना एकाचा श्वास मागं पडला की आक्का गॅलरीतून ओरडायच्या. गणपतीत मोठमोठे कर्णे लावून मिरवणूक निघाली की मी दारं-खिडक्या लावून डोकं बांधून बसायची. आक्का खाली जाऊन त्या वाजवणाऱ्याला सांगायच्या, "आवाज कर बाबा किती करायचा त्यो, पण धावू नगंस. गणपतीला घाई न्हाई." पोरं हसायची आणि, माझा विश्वास बसायचा नाही, पण खरंच जरा सावकाश व्हायची.

बसूअण्णांनी मला कुरुंदवाडच्या कार्यक्रमाची गोष्ट सांगितली आहे. ऐन गाण्यात दिवे गेले, माईक गेले, अंधार झाला. लोक उठायला लागले, शिट्ट्या सुरू झाल्या, पोरं रडायला लागली. दोघा भावांनी वाद्यांवरचे हात उचलले, तम्माचं गाणं थांबलं. फक्त डबा चालू. आणि मग अंधारातून आक्कांचा आवाज आला, "बसा खाली! लाईट गेलीया, आमी न्हाई गेलाव!" पहिल्या रांगेतली माणसं हसली, बसली. मग डब्यावर टाळ्या सुरू झाल्या, आणि तम्मानं माईकशिवाय गाणं पुरं केलं. बसूअण्णा म्हणाले, "खरं सांगू का वैनी, ती काय आमचा कार्यक्रम वाचवायला बोलली नव्हती. तिला राग आलता. गाणं अर्धं सोडून कोण उठलं की तिला ताटावरनं उठल्यासारखं वाटायचं."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एका दिवाळीचा प्रसंग तसा नाही.

तेव्हा वाद्यवृंद बंद होऊन बराच काळ लोटला होता. शंकरराव पुण्यात मोठे झाले होते, केस काळेभोर ठेवून टीव्हीवर पोरांच्या गाण्याला मार्क द्यायचे. मल्लूअण्णांनी गडहिंग्लजचं दुकान धरलं होतं. दिवाळीला मात्र सगळे आक्कांकडे यायचे आणि मलाही हाक यायची, कारण शेंगांच्या पोळ्या लाटायला हात कमी पडायचे. कुणीतरी ती जुनी कॅसेट लावली. बसूअण्णांच्या नातवानं विचारलं, "आज्जी, ह्यात तुझं कुठलं?" आक्का काही बोलायच्या आत मल्लूअण्णा म्हणाले, "तिचं काय न्हाई त्यात. आक्काच्या माईकची वायर स्टेजखाली मोकळीच असायची! पैल्या कार्यक्रमात नुस्ता डबाच ऐकू आला सगळ्यास्नी. तवापासनं साऊंडवाल्याला सांगूनच ठेवलं हुतं." घर हसून हसून लोळलं. सगळ्यांत मोठ्यानं आक्का हसल्या.

मग आत आल्या. तव्यावरची पोळी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन-दोन तास हात हलवत हुतो मी, मास्तरीण. दंड भरून यायचा. दुसऱ्या दिवशी उजव्या हातानं वेणी घालाय याची न्हाई." दुसरी पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "आन् कुटंच न्हाई व्हय मी?"

मी काहीतरी बोलले असेन. अशा वेळी माणूस बोलतं ते काही कामाचं नसतं. त्यानंतर त्यांच्या घरात ती कॅसेट मी कधी ऐकली नाही. रिक्षात लागली तर त्या रिक्षावाल्याला बंद करायला सांगायच्या आणि तो विचारायचा, "का हो मावशी, आवडत न्हाई गाणं?" त्या म्हणायच्या, "लई ऐकलंय."

आणि मग कान गेले. एकदम नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या निसटायला लागल्या आणि डाळी करपायला लागल्या. आक्का कुकरला दोष देत राहिल्या. एक दिवस त्या किराणा दुकानात तावातावानं गेल्या. मी तिथंच होते. काडेपेटी फळीवर आपटून म्हणाल्या, "रिकामी पेटी इकालायस व्हय रं?" दुकानदारानं पेटी उघडली. आत काड्या होत्या. त्यानं गमतीनं ती आक्कांच्या कानाशी हलवली. मला आवाज आला, दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना आला. आक्कांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पेटी घेतली आणि घरी गेल्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की म्हातारपणी आधी बारीक, सरसरणारे आवाज जातात, जाड आवाज राहतात. माणसांचं बोलणं मोठ्यानं केलं तर कळेल, ढोल कळेल. पाचोळा, पैंजण, काडेपेटी नाही कळायची. कानात घालायचं यंत्र आणलं. "त्यात नुस्ता वारा वाजतोय," म्हणून आक्कांनी ते चहाच्या कपाटात ठेवून दिलं. काडेपेटीच्या त्या दिवसापासून आक्का वस्तू हलवून बघायच्या बंद झाल्या. मला ते फार लागलं. इतकी वर्षं ज्या सवयीवर मी हसत आले ती सवय गेल्यावर मला त्यांच्या हाताकडे बघवेना.

अशात मल्लूअण्णांची मुलगी पल्लवी आली. ती पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते. गडहिंग्लजच्या घराच्या माळ्यावर तिला त्या कोल्हापूरच्या कार्यक्रमाच्या मूळ फिती सापडल्या होत्या. तेव्हा मुंबईहून माणसं यंत्रं घेऊन आली होती आणि त्यांनी प्रत्येक माईक वेगवेगळा टिपून ठेवला होता. पल्लवीनं एका कंपनीशी बोलून सगळं नव्यानं करायला घेतलं. आक्कांना कळलं तेव्हा त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात, कारण सकाळी दूध यायच्या आत माझ्या दारात हजर.

"मास्तरीण, मूळ फीत म्हंजे त्यात सगळं असतंय न्हवं?"

"असेल की, आक्का."

"मग मला एकदा बघायचंय," त्या म्हणाल्या. "मी हुतो का न्हाई, तेवढं बघायचंय. मग डोळं मिटलं तरी चालंल."

मी त्यांना तेव्हा रागावले. असं काय बोलता म्हणून. पण त्यांना काय हवं आहे ते मला नीट कळलं होतं आणि त्याच्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

एका रविवारी दुपारी सगळे जमले. पल्लवीनं दोन मोठे स्पीकर आणले होते. आक्कांनी इरकली साडी नेसली होती आणि स्पीकरच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. मी ते शाळेपासून ऐकत आले होते, पण असं कधीच ऐकलं नव्हतं. जुनी सगळी खरखर गेलेली, तम्माचा पोरवयाचा आवाज पाण्यासारखा स्वच्छ. शंकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लूअण्णा मांडीवर बोटं वाजवत होते. गाणं संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

आक्का म्हणाल्या, "डबा?"

कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पल्लवी, ह्यात डबा हाय का? मला काय ऐकू येत न्हाई, तूच सांग."

पल्लवी गोंधळली. "कुठला डबा, आत्या?" ती जन्मली तेव्हा वाद्यवृंद कधीच बंद झाला होता. मग तिचा चेहरा बदलला. "शंकरकाकांच्या माईकवर सगळ्या गाण्यांत एक सर्र सर्र होती. मी म्हटलं फितीची खरखर आहे. सगळी काढून टाकली मी. त्यातच दिवस गेले माझे."

"तम्माच्या माईकवर कशी असंल?" मल्लूअण्णा म्हणाले. "आक्काचा माईक तर—" आणि थांबले.

"बंद हुता," आक्का म्हणाल्या. "म्हायीत हाय मला. पैल्याच वर्षी झाडताना वायर हातात आलती माझ्या. म्हणून तर तम्माच्या मागं जाऊन उभारलो. म्हटलं, ह्याचा माईक तर कोण बंद करत न्हाई."

त्या दिवाळीत आक्का काय जाणून हसल्या होत्या ते मल्लूअण्णांना आता कळलं असावं, कारण ते पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. पल्लवी म्हणाली, "मूळ फीत आहे माझ्याकडे, आत्या. मी परत घालते." पण शंकरराव मधे पडले. वाईट हेतूनं नाही, ते तसे वाईट नव्हेत, पण त्यांना आपला तो धुतलेला आवाज फार आवडला होता. "आक्का, अगं आता लोक हेडफोन लावून ऐकतात," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्यांना स्वच्छ लागतं. गाण्यावर सर्र सर्र चालली तर टेप खराब आहे म्हणतील. कंपनीनं पण हेच पास केलंय."

मला वाटलं आता कानडी सुरू होणार. आक्का उठल्या, म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं, तम्मा," आणि चहा टाकायला आत गेल्या. इतक्या वर्षांत आक्कांनी कुणाचं बरोबर आहे असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला त्या शंकररावांचा असा संताप आला की चहा न घेताच मी घरी निघून गेले. सकाळी बघते तर आक्का तो डबा अंगणातल्या पायरीवर घेऊन बसल्या होत्या. झाकणाचा डाक काढला होता आणि आतला शाळू चिमण्यांना टाकत होत्या.

ते पल्लवीनंही पाहिलं. पोरगी आत्यावर गेलेली, वाद घालत बसली नाही. शंकरराव पुण्याला निघाले होते तेव्हा तिनं त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि त्यांच्या त्या एका माईकवरचं, न धुतलेलं, सगळं ऐकवलं. गाणीच नव्हे, गाण्यांच्या मधलंही. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. शंकरराव गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत उभे. आधी त्यांचं तोंड वैतागलेलं होतं. मग ते एकदम हसले. मग हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले आणि खाली रस्त्याकडच्या पायरीवरच बसले. मला पाहिल्यावर म्हणाले, "वहिनी, आक्का बोलते आहे ह्यात. प्रत्येक गाण्याआधी. हळूच, माझ्या मागनं. 'तम्मा, नाक पूस. सरळ उभार. घाई करू नगंस.' आणि मग डबा सुरू होतो आणि मग मी." त्यांनी हेडफोन काढले. मग म्हणाले, "मला वाटायचं मीच आधी सुरू करतो."

ते पुण्याला गेले ते कंपनीशी भांडायलाच गेले, आणि डबा परत आला. पल्लवीनं त्याला जागा करून दिली. फितीची खरखर कुठली आणि शाळू कुठला ते तिनं हातानं, सावकाश वेगळं केलं. पुढच्या महिन्यात सगळे परत जमले. त्याच खुर्चीत आक्का, पण या वेळी घरातल्या साडीत आणि हाताची घडी घालून. मी आले तेव्हा शंकरराव त्यांच्या कानाशी वाकून त्या नाक पुसण्याबद्दल मोठ्यानं सांगत होते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुसलंतंस का?"

गाणं सुरू झालं. आणि डबा होता. तम्माच्या आवाजाच्या अगदी मागं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहावं तसा. स्वच्छ केलेल्या गाण्यात काय चुकलं होतं ते मला तेव्हा कळलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण अंगावर काटा आला. आम्ही सगळे आक्कांकडे बघत होतो.

आक्का आमच्याकडे बघत होत्या. एकेकाच्या तोंडाकडे. "हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय की!" मल्लूअण्णा ओरडले. "लई भारी वाजालाय!"

आक्कांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. बसणार तरी कसा? त्यांना ड्रम कळत होता, तम्मा कळत होता. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तेवढंच कळत नव्हतं. आणि सांगणारे कोण, तर वायर मोकळी ठेवून इतकी वर्षं गंमत बघणारे भाऊ. "बरं," त्या म्हणाल्या, "हाय तर हाय." म्हाताऱ्या माणसाची समजूत घातलेली त्याला कळते तेव्हा ते जसं म्हणतं, तसं म्हणाल्या. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

वळले तेव्हा शंकरराव खाली फरशीवर बसले होते, आक्कांच्या पायाशी. त्यांनी आक्कांचा उजवा हात उघडून आपल्या हातात घेतला होता आणि तळहातावर बोटानं वाजवत होते. स्पीकरमधून डबा जसा येईल तसं. सर्र-सर्र, सर्र. एकही ठोका आपल्या मनचा नाही. आक्कांनी आधी हात मागं ओढला, मग राहू दिला. गाणं अंतऱ्यावर आलं. तम्मा वर चढत चालला, चढत चालला, आणि आक्कांनी एकदम मूठ मिटली. शंकररावांचं बोट त्यांच्या मुठीत अडकलं.

त्याच क्षणी स्पीकरमधला डबा थांबला. नुसता तम्माचा आवाज उरला, आणि त्यात त्यानं घेतलेला श्वास.

"हितं तुला दम लागायचा," आक्का म्हणाल्या. "म्हणून मी थांबायचो. तुझा दम झाला की परत."

शंकररावांनी मान खाली घातली. आक्कांनी मूठ सोडली, त्यांचा हात उलटा केला आणि त्यांच्या तळहातावर आपल्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली. डबा परत आला तो त्याच ठोक्याला. त्यांना तो ऐकू येत नव्हता, आम्हाला येत होता, आणि गाणं संपेपर्यंत त्या दोन्हींत कुठं अंतर पडलं नाही. मल्लूअण्णा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आक्कांनी डोळे मिटले होते.

"हाय," त्या म्हणाल्या. "हुतो मी."